चौदा दिवस

अकरा वर्षं.
म्हणजे चार हजारांवर गोळ्या.
हिशेब माझा चुकायचा नाही,
उभी नोकरी मीटर रीडिंग घेण्यात गेली:
मागील रीडिंग, चालू रीडिंग, वजाबाकी.
पाचपावली, टिमकी, गोळीबार चौक,
जिन्याखालचा अंधार, पेटीवरची पाल,
टॉर्चच्या उजेडात फिरणारी चकती.
कोणाच्या घरात किती जळतं
मला दारातूनच कळायचं.

टिमकीतच स्टुलावरून पडलो. घोट्याचं हाड.
चिठ्ठीवर दुखण्याची गोळी
आणि तिनं पोट पोळू नये म्हणून दुसरी,
सकाळी, खाण्याआधी अर्धा तास,
चौदा दिवस.
दुखण्याची संपली. दुसरी राहिली.
पाहुणा गावी गेला
आणि त्याला पोचवायला आलेला
आमच्याकडेच मुक्कामाला राहिला, तशी.

हंसापुरीतला औषधवाला पाकीट काढता काढता हसायचा:
"निखारे साहेब, आडनावातच आग तुमच्या!"
चिठ्ठी त्यानं मागितली नाही,
मीही दाखवली नाही.
अर्धा तास आधीचंही कधीच विसरलो;
तर्रीपोहे झाले की वरून गोळी,
रात्री सावजीचा रस्सा, लाल तेल ताटाच्या काठापर्यंत,
सिंधू डोळे वटारायची,
मी म्हणायचो, गोळी आहे ना.

मग तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या.
मेडिकलच्या ओपीडीत साडेतीन तासांनी नंबर.
डॉक्टर उइके, माझ्या धाकट्या पोरीएवढी,
पिशवीतली एकेक पट्टी टेबलावर मांडत गेली.
"ही कायले घेऊन राहिले काका?"
मी तोंड उघडलं.
आत काहीच नव्हतं.
आयुष्यभर लोकांच्या आकड्यांची वही बगलेत,
आणि माझ्या घरची मागील नोंद
कोरी.

रक्तात बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं.
"गोळीमुळंच असं नाही म्हणत मी," ती म्हणाली,
"पण पोटातल्या आगीलाही काही काम असते."
आणि कमी कशी करायची ते कागदावर लिहून दिलं.
कागद मी वाचला नाही.
घरी येऊन अख्खी पट्टी कचऱ्याच्या गाडीत,
वरतून शेजाऱ्याला सांगितलं, सोडली!

तिसऱ्या रात्री गळ्यापर्यंत पेटलो.
मे महिना, कूलर गरम वारा फेकतोय,
मी पलंगावर ताठ बसून, उशी पाठीला,
पूर्वी कधी जळलं नव्हतं असं जळतंय.
बघा, हवीच होती मला!
"नाही," उइके म्हणाली, "इतकी वर्षं दाबलेलं
उसळी मारतेच. तो रोग नाही, ती उसळी.
फेका नव्हतं म्हटलं, उतरवा म्हटलं होतं."
एक दिवसाआड. मग दोन दिवसांआड.
जेवण आणि झोप यांत तीन तास.

एवढ्यात सिंधूच्या भावाचा, गुलाब परातेचा फोन:
"भाऊजी, तुमचं ऐकून मीही बंद केली."
माझ्या हातातला गिलास तसाच राहिला.
छातीत जाळी बसवलेला माणूस,
रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या रोजच्या,
मागच्या पोळ्याला शौचाला डांबरासारखं झालं होतं,
तीन बाटल्या रक्त चढलं होतं याला.
भर दुपारी, डोक्याला ओला दुपट्टा,
मानेवाडा ते नंदनवन स्कूटर हाणली.
"मुकाट्यानं घे. आत्ता. माझ्यासमोर."
"पण तुम्हीच तर..."
"मी गाढव आहे. अन् तुझं मीटर वेगळं आहे बे.
डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."
त्यानं पाकीट उघडलं.
तीच कंपनी, तोच रंग,
चांदीच्या कागदावर तेच बारीक नाव.

आता मी रोज वही लिहितो.
आज रीडिंग: शून्य.
तरी काल भरल्या वांग्याचे दोन घास जास्त झाले,
पहाटे जरा जळजळ, पाणी प्यालो, बसून राहिलो, गेली.
तेही लिहिलं.
एक युनिट न जाळताही
स्थिर आकार तर भरावाच लागतो;
हे मी लोकांना
कितीदा दारात उभं राहून सांगितलं असेल.